बंडखोर कोणास म्हणावें?

ब्रह्मदेशाच्या उत्तर टोकास राहणाऱ्या काचिन लोकांची हकीकत आमच्या वर्तमानपत्रांत क्वचितच येते. पण जेव्हां येते तेव्हां तिच्याबरोबर एक शब्द न चुकतां येतो. 'काचिन बंडखोरांनीं अमुक ठाणें घेतलें', 'काचिन बंडखोरांवर विमानांतून बाँब पडले', अशा मथळ्यांची वाचकांस इतकी संवय झाली आहे कीं, हे लोक कोणाविरुद्ध व कशासाठीं लढत आहेत हा साधा प्रश्नही कोणाच्या मनांत उभा राहत नाहीं. बंडखोर म्हणजे मान्य झालेली व्यवस्था बळानें मोडूं पाहणारा, अशी आपली समजूत असते व ती बरोबरही आहे. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, काचिनांच्या बाबतींत हा शब्द भलत्याच पक्षास लावला जात आहे. व्यवस्था ठरली होती. ती लेखी होती, तिच्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या होत्या. ती ज्यांनीं मोडली ते सरकार म्हणून मिरवितात, आणि तिची आठवण जे करून देतात ते बंडखोर ठरतात. या लेखांत आम्ही हेंच एक म्हणणें मांडणार आहों, आणि त्याविरुद्ध चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांकडून जे आक्षेप घेतले जातात त्यांस यथाशक्ति उत्तर देणार आहों.

ब्रह्मदेश, ज्यास आज म्यानमार म्हणतात, तो मराठी माणसास अगदींच परका नाहीं. लोकमान्य टिळकांनीं १९०८ ते १९१४ पर्यंतचा कारावास मंडालेस भोगला व तेथेंच 'गीतारहस्य' लिहिलें. उलट मंडालेचा शेवटचा राजा थिबा यास इंग्रजांनीं पदच्युत करून रत्नागिरीस आणून ठेविलें, व १९१६ सालीं तो तेथेंच वारला. परंतु आमचा ब्रह्मदेश मंडालेस संपतो. मंडालेहून लोहमार्ग उत्तरेस जातो तो मिचिना या शहरीं थांबतो. त्याच्याही वर माली व न्माई या दोन नद्यांचा संगम होऊन इरावती जन्मास येते. आणि तेथून हिमालयाच्या बर्फापर्यंत व पूर्वेस चीनच्या सरहद्दीपर्यंत जो डोंगराळ मुलूख पसरला आहे तो काचिनांचा. जिंगपॉ, मारू, झाइवा, लाशी, रावांग, लिसू अशा निरनिराळ्या बोलींच्या जमाती मिळून काचिन हें नांव झालें आहे. यांपैकीं जिंगपॉ लोकांचे भाऊबंद आमच्या आसामांत व अरुणाचलांत सिंफो या नांवानें राहतात. १८२३ च्या सुमारास रॉबर्ट ब्रूस या व्यापाऱ्यास आसामच्या रानांत आपोआप उगवणाऱ्या चहाच्या झाडांची माहिती मिळाली ती बिसा गाम या सिंफो सरदाराकडून. सकाळीं चहाचा पेला हातीं घेऊन 'काचिन बंडखोर' हा मथळा वाचणाऱ्या गृहस्थास एवढें नातें तरी ठाऊक असावें म्हणून हा उल्लेख.

१८८५ च्या युद्धानंतर इंग्रजांनीं मंडालेचें राज्य खालसा केलें, परंतु डोंगरी मुलूख त्यांनीं मैदानी ब्रह्मदेशाच्या कारभारांत कधींच पुरता मिसळूं दिला नाहीं. मैदानांत कायदेमंडळ आलें, मंत्री आले, निवडणुका आल्या. डोंगरांत मात्र 'दुवा' म्हणजे वंशपरंपरेचे सरदार यांच्या मार्फत जुनाच कारभार चालू राहिला. लष्करांत भरती झाली ती काचिन, चिन व कारेन यांचीच विशेष. अमेरिकन मिशनऱ्यांनीं १८९० च्या दशकांत जिंगपॉ भाषेस रोमन लिपी दिली, शाळा काढल्या, व हळूहळू बहुतेक काचिन ख्रिस्ती झाले. मैदानांतील ब्रह्मी समाज बौद्धच राहिला. दुसऱ्या महायुद्धांत आंग सान व त्यांचे सहकारी आरंभीं जपानच्या बाजूस होते, तर काचिन तरुण इंग्रज व अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हाताखालीं जपान्यांशीं लढत होते. आसामांतील लेडो येथून निघालेला लष्करी रस्ता मिचिनापर्यंत पोहोंचला त्यांत त्यांच्या रक्ताचा वांटा आहे. सारांश, १९४५ सालीं मैदान आणि डोंगर यांच्यामध्यें समाईक राज्य नव्हतें, समाईक धर्म नव्हता, आणि नुकत्याच संपलेल्या युद्धाची आठवणही समाईक नव्हती.

येथें पहिला आक्षेप येतो. 'ही फूट इंग्रजांनीं पाडली. फोडा आणि झोडा या नीतीचें हें फळ. तिला आतां खतपाणी कशाला घालावें?' असें पुष्कळ देशभक्त विचारतात. फूट वाढविण्यांत इंग्रजांचा स्वार्थ होता हें आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. परंतु त्यावरून निष्कर्ष काय निघतो? ज्या दोन घरांचा संसार कधीं एक नव्हता, त्यांना एकत्र नांदावयाचें असेल तर एकानें दुसऱ्याच्या घरांत शिरून भागत नाहीं. दोघांनीं समोरासमोर बसून अटी ठरवाव्या लागतात. हें तत्त्व आंग सान यांस आमच्या आक्षेपकांपेक्षां अधिक चांगलें कळलें होतें. १९४७ च्या जानेवारींत लंडनला ॲटली यांच्याशीं झालेल्या करारांत डोंगरी लोकांनीं स्वखुषीनें ब्रह्मदेशांत यावें असें ठरलें, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आंग सान स्वतः शान मुलुखांतील पांगलाँग या लहानशा गांवीं गेले. त्या वेळीं ते अवघे एकतीस वर्षांचे होते. १२ फेब्रुवारी १९४७ रोजीं शान, काचिन, चिन व ब्रह्मी सरकार यांच्या मिळून २३ प्रतिनिधींनीं तेथें करारावर सह्या केल्या. डोंगरी मुलुखास अंतर्गत कारभारांत पूर्ण स्वायत्तता असावी हें तत्त्व त्याच्या पांचव्या कलमानें मान्य केलें. आणि काचिनांचें स्वतंत्र घटक राज्य असणें इष्ट आहे, असें सहाव्या कलमांत स्पष्ट लिहिलें. म्हणजे इंग्रजांनीं पाडलेली फूट सांधण्याचा एकच प्रामाणिक प्रयत्न ब्रह्मदेशाच्या इतिहासांत झाला, तो या कराराचा. ज्यांना फुटीचा खरोखर तिटकारा आहे त्यांनीं करार पाळणारांच्या बाजूस उभें राहावयास पाहिजे.

पुढें काय झालें? १९ जुलै १९४७ रोजीं रंगून येथें मंत्रिमंडळाची बैठक चालू असतां आंग सान यांचा खून झाला. सप्टेंबरांत राज्यघटना मंजूर झाली, व ४ जानेवारी १९४८ रोजीं देश स्वतंत्र झाला. या घटनेनें काचिन राज्य निर्माण केलें खरें. पण त्याचें कायदेमंडळ म्हणजे रंगूनच्या पार्लमेंटांत बसणाऱ्या काचिन सभासदांचीच एक समिति होती, व पैशाच्या किल्ल्या रंगूनच्याच कमरेस राहिल्या. आणखी एक गोष्ट फार थोड्यांस माहीत असते. शान व कारेन्नी या राज्यांना दहा वर्षांनंतर संघराज्यांतून बाहेर पडण्याचा हक्क या घटनेनें दिला होता. काचिनांस तो दिला नाहीं. मिचिना व भामो यांच्या भोंवतालचा सखल प्रदेश आपल्या राज्यांत यावा म्हणून काचिन पुढाऱ्यांनीं तो हक्क सोडला. ज्या लोकांनीं फुटून निघण्याचा हक्क स्वतःच्या हातानें सोडून दिला, त्यांनाच आज फुटीर म्हणावयाचें याहून दुसरा अन्याय तो कोणता?

बरें, करार अपुरा पाळला गेला म्हणून काचिनांनीं लगेच शस्त्र उचललें काय? १९४८ सालीं कम्युनिस्ट उठले, १९४९ च्या आरंभीं कारेन उठले, व कारेनांची फौज रंगूनच्या वेशीपर्यंत येऊन ठेपली. त्या प्रसंगीं ऊ नू यांचें सरकार बुडतां बुडतां राहिलें तें ज्या पलटणींच्या जोरावर, त्यांत काचिन व चिन पलटणींचा हिस्सा मोठा होता. नॉ सेंग नांवाचा एक पराक्रमी काचिन कप्तान कारेनांस जाऊन मिळाला हें खरें. पण तो अपवाद होता, आणि त्याच्या मागें त्याचें राज्य गेलें नाहीं. काचिनांनीं एकंदर तेरा वर्षें वाट पाहिली. एवढ्या अवधींत त्यांना काय मिळालें? १ ऑक्टोबर १९६० रोजीं पेकिंग येथें सरहद्दीचा तह झाला व फिमॉ, गॉलुम आणि कांगफांग हीं काचिन गांवें चीनला दिलीं गेलीं. त्याच वर्षीं बौद्ध धर्म हा राज्याचा धर्म करूं या वचनावर ऊ नू यांनीं निवडणूक जिंकली, आणि १९६१ च्या ऑगस्टांत तसा कायदाही केला. ज्या राज्यांत बहुतेक काचिन कुटुंबें रविवारीं प्रार्थनामंदिरांत जातात, तेथें या कायद्याचा अर्थ कसा घेतला गेला असेल हें सांगण्याची गरज नाहीं.

२५ ऑक्टोबर १९६० रोजीं काचिन स्वातंत्र्य संघटना व ५ फेब्रुवारी १९६१ रोजीं तिची सेना स्थापन झाली. झाऊ सेंग, झाऊ तू व झाऊ दान या तीन भावांनीं, मूठभर तरुणांसह, ती उभी केली. पुढें एक वर्षानें, २ मार्च १९६२ रोजीं, जनरल ने विन यांनीं सत्ता बळकाविली. राज्याच्या धर्माचा तो कायदा गेला, पण त्याच्याबरोबर सारी घटनाच गेली. आणि पांगलाँगच्या करारांतून जो कांहीं लहानसा अंश कागदावर उतरला होता तोही पुसला गेला. डोंगरी पुढारी त्याच सुमारास संघराज्याच्या सुधारणेविषयीं रंगूनमध्यें सनदशीर चर्चा करीत होते, व 'देश फुटण्याची भीति' हेंच कारण पुढें करून लष्करानें त्यांना पकडलें. सनदशीर मार्ग बंद कोणीं केला, या प्रश्नाचें उत्तर या एका घटनेंत आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'आज काचिनांना स्वायत्तता दिली तर उद्यां ते स्वतंत्र राष्ट्र मागतील, आणि देशाचे तुकडे होतील.' या संघटनेच्या नांवांतच स्वातंत्र्य हा शब्द आहे, व पहिलीं कांहीं वर्षें तिची मागणी खरोखरच पूर्ण स्वातंत्र्याची होती, हें आम्ही लपवीत नाहीं. पण १९७० च्या दशकांत ब्रांग सेंग यांच्या हातीं सूत्रें आल्यावर तिनें ती मागणी सोडली, आणि संघराज्यांत स्वायत्त घटक म्हणून राहण्याची मागणी पत्करली. म्हणजे लढणारा पक्ष मागें सरला. लष्कर मात्र एक पाऊलही सरलें नाहीं. एकता राखण्याची लष्कराची पद्धत कोणती, हें ज्या धोरणाला तें स्वतःच 'चार तोडी' म्हणतें त्यावरून कळतें. अन्न, पैसा, बातमी आणि नवे शिपाई या चारही गोष्टी शत्रूस मिळूं नयेत म्हणून खेडींच्या खेडीं उठवावयाचीं, धान्याचीं कोठारें जाळावयाचीं, व माणसें लष्कराच्या पहाऱ्यांत नेऊन बसवावयाचीं. अशा रीतीनें राखलेल्या एकतेस एकता म्हणावयाचें असेल, तर तुरुंगाइतकी एकता दुसरीकडे कोठेंच सांपडणार नाहीं.

स्वायत्ततेनें देश फुटतो हें म्हणणें आमच्याच देशाच्या अनुभवानें खोटें ठरलें आहे. काचिनांच्या मुलुखाहून फार दूर नसलेल्या मिझो डोंगरांत १९६६ च्या मार्चांत स्वातंत्र्याची घोषणा झाली, आणि हें लिहितांना आमची मान खालीं जाते, पण आमच्या सरकारनें ऐजोल शहरावर विमानांतून मारा केला. वीस वर्षें तेथें बंदूक चालली. १९८६ च्या जूनमध्यें करार झाला. १९८७ च्या फेब्रुवारींत मिझोराम हें घटक राज्य झालें. आणि ज्या लालडेंगांना आम्ही वीस वर्षें देशद्रोही म्हणत होतों ते त्याचे मुख्यमंत्री झाले. देश फुटला नाहीं. वीस वर्षांच्या बंदुकीनें जें साधलें नव्हतें तें एका करारानें साधलें. कारण राज्य मिळालें, निवडणूक झाली, आणि शब्द पाळला गेला. आमचें सर्वच सरहद्दीवरचें वर्तन असें निर्मळ आहे असा दावा आम्ही करीत नाहीं. पण एका ठिकाणीं तरी आम्हांस जें कळलें तें शेजाऱ्यास कळूं नये, आणि त्यानें आमच्या पहिल्या वीस वर्षांचाच कित्ता साठ वर्षें गिरवावा, याची आम्हीं भलामण करणें शोभत नाहीं.

तिसरा आक्षेप शांततावाद्यांचा आहे. 'आधीं बंदुका खालीं ठेवा, मग स्वायत्ततेचें बोला.' ही सूचना ऐकावयास फार सात्त्विक वाटते; पण काचिनांनीं ती अमलांत आणून पाहिली आहे हें आक्षेपकांस ठाऊक नसतें. २४ फेब्रुवारी १९९४ रोजीं युद्धबंदी झाली व ती सतरा वर्षें टिकली. या सतरा वर्षांत राजकीय प्रश्नाची चर्चा झाली नाहीं; झाली ती मुलुखाची लूट. फाकांत येथें जगांतील उत्तमोत्तम हिरवा जेड दगड निघतो. युद्धबंदीनंतर त्या खाणी लष्कराच्या व त्याच्या मर्जींतील कंपन्यांच्या ताब्यांत गेल्या. 'ग्लोबल विटनेस' या संस्थेनें २०१५ सालीं काढलेल्या अंदाजाप्रमाणें एकट्या २०१४ सालच्या जेडचें मोल ३१ अब्ज डॉलरपर्यंत, म्हणजे साऱ्या देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ निम्म्याइतकें होतें. आणि ज्या मुलुखांतून ही संपत्ति गेली तेथें मातीच्या ढिगाऱ्यावर टाकाऊ दगड शोधणारीं पोरें उरलीं. २ जुलै २०२० रोजीं असाच एक ढिगारा कोसळून दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. जंगलें तोडून लांकूड चीनमध्यें गेलें. जेथें इरावती जन्मते त्या मित्सोनच्या संगमावरच सहा हजार मेगावॅटचें धरण बांधण्याचा घाट घातला गेला. वीज बहुतेक चीनला, आणि बुडणारीं गांवें काचिनांचीं. हें काम २०११ च्या सप्टेंबरांत थांबविण्यांत आलें, पण तेव्हां त्या गांवांतले लोक आधींच हलविले गेले होते.

युद्धबंदी मोडली कशी, हेंही पाहण्यासारखें आहे. नवी घटना तयार होत असतांना काचिन प्रतिनिधी त्या परिषदेंत जाऊन बसले. त्यांनीं आपल्या सूचना लेखी दिल्या. त्या बासनांत पडल्या. २००८ ची जी घटना बाहेर आली तिच्यांत पार्लमेंटाच्या एक चतुर्थांश जागा लष्करासाठीं राखल्या होत्या, आणि घटक राज्याचा मुख्यमंत्रीसुद्धां राष्ट्राध्यक्षानें नेमावयाचा होता. २००९ सालीं काचिन सेनेस हुकूम झाला कीं, तिनें लष्कराच्या हाताखालीं सरहद्दीवरचे पहारेकरी व्हावें. २०१० च्या निवडणुकींत ज्या काचिन पक्षानें उभें राहण्याची तयारी केली त्यास नोंदणीच मिळाली नाहीं. आणि ९ जून २०११ रोजीं तापेंग नदीवरील धरणाजवळ तोफा पुन्हां सुरू झाल्या. एक लाखाहून अधिक माणसें घरें सोडून छावण्यांत आलीं. बंदूक खालीं ठेवा म्हणणारांनीं सांगावें, त्या सतरा वर्षांत बोलणीं कोणीं टाळलीं?

चौथा आक्षेप उदारमतवाद्यांचा, व तोच आम्हांस सर्वांत बोचतो; कारण तो करणारांत आमचे पुष्कळ मित्र आहेत. 'आधीं लोकशाही येऊं द्या. ती आली म्हणजे स्वायत्तता मागोमाग येईल.' २०११ नंतर रंगूनमध्यें सुधारणा सुरू झाल्या, राजकीय कैदी सुटले, साऱ्या जगानें टाळ्या वाजविल्या. त्याच डिसेंबरांत राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनीं काचिन मुलुखांतील चढाई थांबविण्याचा हुकूम दिला, आणि लष्करानें तो मानला नाहीं. २०१२ ची अखेर व २०१३ चा आरंभ या काळांत लाइझा या काचिनांच्या मुख्य ठाण्याच्या आसमंतांत विमानें बाँब टाकीत होतीं. नोव्हेंबर २०१४ मध्यें लाइझाजवळच्या शिक्षणकेंद्रावर तोफगोळा पडून २३ तरुण उमेदवार ठार झाले. पुढें आंग सान यांची कन्या सू ची सत्तेवर आली. २०१६ च्या ऑगस्टांत तिनें मोठी परिषद भरविली व तिला पांगलाँगचेंच नांव दिलें. काचिन पुढारी त्या परिषदेसही गेले. वडिलांचें नांव मिळालें, वडिलांची पांचवी कलम मिळाली नाहीं. छावण्या तशाच राहिल्या, आणि मुख्यमंत्री पूर्वीप्रमाणेंच वरून नेमले गेले. लोकशाही म्हणजे केवळ बहुसंख्याकांची निवडणूक असा अर्थ घेतला, तर अल्पसंख्य डोंगरी लोकांना ती एका धन्याऐवजीं दुसरा धनी देते, एवढेंच.

१ फेब्रुवारी २०२१ रोजीं लष्करानें ती लोकशाहीही गिळली. त्यानंतर जें घडलें तें या आक्षेपाचें खरें उत्तर आहे. मैदानांतील ब्रह्मी विद्यार्थी, शिक्षक, डॉक्टर हे जीव घेऊन डोंगरांत पळाले, आणि ज्यांना तोंवर ते बंडखोर म्हणत होते त्या काचिनांनीं त्यांना आसरा दिला व बंदूक धरावयास शिकविली. त्याच वर्षाच्या मार्चअखेर निवडून आलेल्या पण हांकलल्या गेलेल्या प्रतिनिधींनीं २००८ ची घटना रद्द झाल्याचें जाहीर करून संघराज्याची सनद प्रसिद्ध केली. म्हणजे पांगलाँगला जें ठरलें होतें तेथें परत यावयास रंगूनच्या लोकशाहीवाद्यांना चौऱ्याहत्तर वर्षें लागलीं, आणि तेंही स्वतःच्या पाठीवर फटके बसल्यावर. क्रम असा दिसतो कीं, लोकशाहीमागून स्वायत्तता येत नाहीं. स्वायत्तता नाकारण्यासाठीं जें लष्कर पोसलें तेंच शेवटीं लोकशाही खातें. २३ ऑक्टोबर २०२२ रोजीं अ नांग पा येथें संघटनेच्या वर्धापनदिनाचें गायन चालू असतां विमानांनीं बाँब टाकून साठांहून अधिक माणसें मारलीं. ९ ऑक्टोबर २०२३ च्या रात्रीं लाइझाजवळ निर्वासितांची छावणी उडविली, त्यांत लहान मुलेंही होतीं. याला बंडाचा बंदोबस्त म्हणणारांची भाषा आम्हांस कळत नाहीं.

आम्ही काचिन सेनेचे भाट नाहीं. तिनें अल्पवयी मुलांच्या हातीं बंदुका दिल्याची नोंद संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालांत आहे; तिनें जबरीनें भरती केली आहे; जेडच्या व्यापारावर तिनेंही कर घेतला आहे. काचिन राज्यांत सारेच काचिन नाहींत. तेथील शान लोकांना जी भीति वाटते ती निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. २०२४ सालीं पांगवा व चिपवी हा दुर्मिळ खनिजांचा प्रदेश काचिन सेनेनें घेतला. त्या खाणींनीं डोंगर पोखरले व ओढे विषारी केले, हें पाप आधींच्या मालकांचें असलें तरी त्यापुढील जबाबदारी नव्या मालकाची आहे. स्वायत्तता मागणाऱ्यानें आपल्या घरांतील लहानांनाही ती दिली पाहिजे, आणि नदी जपण्याच्या नांवावर लढणाऱ्यानें स्वतः ती नासूं नये. परंतु वादी निर्दोष नसेल तर प्रतिवादीचें कर्ज फिटतें काय? सावकाराच्या वागणुकींत खोट निघाली म्हणून खतावरची सही खोटी होत नाहीं. काचिनांच्या चुकांचा हिशेब त्यांचे लोक, त्यांचें निवडलेलें कायदेमंडळ, त्यांचीं वर्तमानपत्रें यांनीं घ्यावयाचा. आणि तो घेण्यास जागा मिळावी म्हणूनच स्वायत्तता पाहिजे.

मागणी तरी काय आहे? राज्याचा प्रमुख राज्यांतील लोकांनीं निवडावा. शाळेंत मूल आपल्या भाषेंत शिकावें. जमिनीखालच्या धनाचा वांटा ज्यांच्या पायांखालीं तें आहे त्यांना मिळावा. आणि हें सारें कोणा सेनापतीच्या मर्जीनें नव्हे तर घटनेनें सुरक्षित असावें. यांतील एक तरी गोष्ट आमच्या वाचकांनीं स्वतःसाठीं मागितली नाहीं काय? जें आम्हीं सभा भरवून, मोर्चे काढून मागितलें व पुष्कळसें मिळविलें, तें दुसऱ्यानें मागितलें कीं त्यास बंड म्हणावयाचें, ही आमची न्यायबुद्धि नसावी. चीन सरहद्दीवरचीं नाकीं उघडतो व मिटतो तो आपल्या खनिजांच्या हिशेबानें. भारताचें सरकारही आजवर रंगून व नेपिडो येथें जो बसला असेल त्याच्याशीं जमवून घेत आलें आहे. सरकारांना अशी गरज असेल. सुशिक्षित वाचकांना ती नाहीं. त्यांनीं निदान आपला शब्द तरी सरकारच्या सोयीनें वापरूं नये.

ब्रह्मदेशांत १२ फेब्रुवारी हा दिवस दरवर्षीं संघदिन म्हणून लष्कराच्या संचलनानें पाळला जातो. तो पांगलाँगच्या सह्यांचा दिवस. त्याच्या सात दिवस आधीं, ५ फेब्रुवारीस, काचिन आपल्या सेनेचा स्थापनादिन पाळतात. ज्या दिवशीं पहिला सण साजरा करणारे आपल्याच आजोबांनीं केलेल्या त्या सह्या खऱ्या मानतील, त्या दिवशीं दुसरा सण पाळण्याचें काचिनांना कारण उरणार नाहीं. तोंपर्यंत बंडखोर हा शब्द कोणाच्या नांवामागें लावावयाचा, हें वाचकांनींच ठरवावें.